विश्लेषण : परदेशी गेल्यावर रोजच्या गोळ्या मिळणार कुठून? बॅगेतला साठा तीन महिन्यांचा, मग पुढे?

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुंबई विमानतळावरून परदेशी शिकायला निघणाऱ्या मुलामुलींच्या बॅगा उघडल्या, तर भाजणी आणि गोड्या मसाल्याच्या शेजारी एक प्लास्टिकचा डबा हमखास सापडतो. सर्दी, ताप, पोटदुखी, अशा सगळ्यावरची औषधे त्यात आईने भरून दिलेली असतात. तापाच्या गोळ्या संपल्या तरी फार बिघडत नाही. त्या कुठेही मिळतात. प्रश्न असतो तो रोज घ्याव्या लागणाऱ्या गोळीचा. थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब, फिट्स, दमा, नैराश्य यांपैकी कशाचेही औषध कायम चालू असेल, तर बॅगेतला साठा संपण्याआधी त्या देशातल्या डॉक्टरने तेच औषध लिहून द्यायला हवे. परराष्ट्र मंत्रालयाने २०२४ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार परदेशात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १३ लाखांहून अधिक आहे. नोकरीसाठी गेलेले आणि मुलांकडे सहा-सहा महिने राहायला जाणारे आई-वडील वेगळेच. यातल्या अनेकांचा हिशेब एकच असतो : इथूनच भरपूर घेऊन जाऊ, संपले की मागवू. तो चुकतो कुठे?

इथली चिठ्ठी तिथे चालते का?

नाही. भारतीय डॉक्टरचे प्रिस्क्रिप्शन दाखवून ब्रिटन, अमेरिका, जर्मनी किंवा संयुक्त अरब अमिरातीतल्या (यूएई) औषध दुकानातून प्रिस्क्रिप्शनचे औषध मिळत नाही. त्या देशात नोंदणी असलेल्या डॉक्टरचीच चिठ्ठी लागते (जर्मनीत युरोपीय संघातली चालते). चिठ्ठीचा उपयोग होतो तो दोन ठिकाणी : सीमाशुल्क अधिकाऱ्याला औषध स्वतःसाठी आहे हे दाखवायला आणि नव्या डॉक्टरला आजवरचे उपचार समजायला.

भारतीय रुग्णाला हे जड जाते, कारण इथली सवय वेगळी आहे. शेड्यूल एचमधली औषधे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम इथेही आहे. शेड्यूल एच-१ मधल्या औषधांची विक्री तर मार्च २०१४ पासून दुकानदाराने वहीत नोंदवायची असते. तरीही कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये रिकामी स्ट्रिप दाखवली की नवी मिळते. वर्षानुवर्षे रक्तदाबाची तीच गोळी घेणाऱ्या कित्येकांकडे डॉक्टरने अलीकडे लिहिलेला एक कागदही नसतो. इथे त्यावाचून काही अडत नाही. परदेशात पहिली अडचण त्या कागदाचीच येते.

तीन महिन्यांचाच साठा का?

बहुतेक देश प्रवाशाला स्वतःपुरते औषध सोबत आणू देतात, पण मर्यादा घालून. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, साधारण ९० दिवसांचा साठा मान्य करते. ऑस्ट्रेलियात तीन महिने, आणि औषध आणल्याचे प्रवेशाच्या कार्डावर जाहीर करावे लागते. जर्मनीतही अंदाजे तीन महिन्यांची गरज धरली जाते. जपान त्याहून कडक आहे. तिथे प्रिस्क्रिप्शनचे औषध एक महिन्यापेक्षा जास्त आणायचे असेल, तर आधीच आयात प्रमाणपत्र काढावे लागते.

गोळ्या मूळ पाकिटात असाव्यात, पाकिटावरचे नाव आणि चिठ्ठीवरचे नाव जुळावे, चिठ्ठी इंग्रजीत असावी, एवढ्या अपेक्षा सगळीकडे सारख्या आहेत. जागा वाचवण्यासाठी खोके टाकून देणे किंवा गोळ्या सोलून एका डबीत भरणे ही घरोघरची युक्ती इथे अंगाशी येऊ शकते. कापलेल्या स्ट्रिपवर औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख दोन्ही उरत नाहीत.

हे तीन महिने म्हणजे तिथल्या आरोग्य व्यवस्थेत शिरण्यासाठी मिळालेली मुदत आहे. घर शोधणे, बँक खाते, विद्यापीठाची नोंदणी यात पहिला दीड महिना सहज जातो. डॉक्टरची वेळ मिळायला काही आठवडे लागू शकतात. रक्त तपासून मगच गोळी लिहून देणारे डॉक्टरही असतात. साठा संपायला आठ दिवस उरले असताना धावपळ सुरू केली, तर मध्ये खंड पडतो. थायरॉइडच्या गोळीत चार दिवसांचा खंड पडला तर लगेच काही होत नाही. फिट्सच्या औषधात पडला तर होऊ शकते.

पार्सलने मागवता येत नाही का?

बहुतेक घरांचा हाच ‘प्लॅन बी’ असतो आणि तोच सर्वांत कच्चा. देशागणिक नियम बदलतात. जर्मनीत प्रवासी सोबत औषध आणू शकतो, पण युरोपीय संघाबाहेरून खासगी व्यक्तीच्या नावे टपालाने औषध मागवायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. तेच औषध, तोच माणूस, तोच आजार. बॅगेत असले तर चालते, पार्सलमध्ये असले तर सीमाशुल्क खाते अडवते. भारतातल्या कुरिअर कंपनीने पार्सल स्वीकारले, याचा अर्थ पलीकडचा देश ते घेऊ देईल असा होत नाही.

अमेरिकेची भूमिका थोडी मवाळ आहे. ९० दिवसांहून जास्त मुक्काम असलेल्या परदेशी नागरिकाला पुढचे औषध टपालाने किंवा कुरिअरने मागवता येते, असे एफडीए सांगते. मात्र पार्सलमध्ये व्हिसा आणि पासपोर्टची प्रत, डॉक्टरचे पत्र आणि इंग्रजी प्रिस्क्रिप्शन असावे. तरीही पार्सल सोडायचे की नाही, हे तिथल्या अधिकाऱ्यांच्या हाती असते. पार्सल अडकले, तर ते सुटेपर्यंत रुग्ण गोळीविना राहतो. इन्सुलिनसारखे थंडाव्यात ठेवायचे औषध असेल, तर सुटूनही उपयोग नाही.

पार्सलमध्ये कोणते औषध आहे, यावर तर सगळेच अवलंबून असते. टोयोटा कंपनीच्या तेव्हाच्या जनसंपर्क प्रमुख, अमेरिकी अधिकारी ज्युली हॅम्प यांना जून २०१५ मध्ये जपानमध्ये अटक झाली, ती टपालाने आलेल्या पार्सलमधल्या ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या ५७ गोळ्यांमुळे. पुढच्या महिन्यात त्यांना आरोप न ठेवता सोडण्यात आले, पण तोवर त्यांनी पद सोडले होते.

कोणत्या गोळ्यांमुळे थेट पोलिसांशी गाठ पडते?

भारतात सर्रास लिहून दिली जाणारी काही औषधे इतर देशांत अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात, आणि रुग्णाला याची कल्पनाही नसते. तीव्र वेदनांवरचे ट्रॅमाडॉल हे त्यातले सर्वांत माहितीचे. भारताने ते एप्रिल २०१८ मध्ये एनडीपीएस कायद्याखाली आणले. त्याआधी २०१७ मध्ये एक ब्रिटिश महिला इजिप्तच्या हुरघाडा विमानतळावर २९० ट्रॅमाडॉल गोळ्यांसह पकडली गेली. जोडीदाराच्या पाठदुखीसाठी गोळ्या आणल्याचे तिने सांगितले. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली.

झोपेसाठी आणि चिंतेवर इथे लिहून दिले जाणारे एटिझोलाम त्याहून फसवे आहे. ब्रिटनमध्ये ते २०१७ पासून अमली पदार्थ कायद्याच्या क वर्गात आहे. अमेरिकेने जुलै २०२३ मध्ये ते शेड्यूल एकमध्ये टाकले, म्हणजे वैद्यकीय वापर मान्य नसलेल्या पदार्थांच्या रांगेत. त्यामुळे एटिझोलाम घेणाऱ्याला तिथला डॉक्टर तेच औषध लिहून देऊ शकत नाही. हे औषध अचानक बंद करणेही धोक्याचे असल्याने बदल निघण्याच्या बराच आधी, इथल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली व्हायला हवा.

प्रेगाबालिनचेही तसेच. मधुमेहामुळे पायांची आग होते, मुंग्या येतात म्हणून घराघरांतल्या ज्येष्ठांना ही गोळी चालू असते, बहुधा मिथाइलकोबालामिन या जीवनसत्त्वाच्या जोडीने. त्यामुळे ती ‘ताकदीची गोळी’ समजली जाते. ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून प्रेगाबालिन नियंत्रित केले, अमेरिकेत ते शेड्यूल पाचमध्ये आहे आणि यूएईतही नियंत्रित यादीत. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, फिट्सवरचे क्लोबाझाम, कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि एडीएचडीवरचे मिथाइलफेनिडेट हे सगळे याच गटातले.

नियंत्रित औषध नेताच येत नाही, असे नाही. ब्रिटनमध्ये तीन महिन्यांपेक्षा कमी साठ्याला वेगळा परवाना लागत नाही, डॉक्टरचे पत्र पुरते. यूएईत मात्र अशा औषधांसाठी प्रवासाआधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, आणि दुबई ही नुसती विमान बदलण्याची जागा नसून मुक्कामाचे ठिकाण असेल तर ती टाळू नये. सिंगापूरमध्येही कोडीन, डायझेपामसारख्या औषधांना पूर्वपरवानगी लागते. औषध नसले तरी खसखस हीसुद्धा या दोन्ही देशांत बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. त्यामुळे दिवाळीचे अनारसे दुबईला नेताना खसखशीचा विचार आधी करावा लागतो.

जपानमध्ये एडीएचडीवरची अँफेटामाइन गटातली औषधे चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत.

औषध तेच, नाव वेगळे. मग फार्मासिस्टला कळणार कसे?

भारतातल्या चिठ्ठीवर बहुधा ब्रँडचे नाव असते, तेही धावत्या अक्षरात. जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, अशी अपेक्षा भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ पासून आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये जेनेरिक नावाची सक्ती करणारे नवे नियम काढले आणि डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध होताच त्याच महिन्यात ते स्थगित केले. हा वाद गोळीच्या किमतीचा आणि दर्जाचा म्हणून गाजला. परदेशी जाणाऱ्या रुग्णाचा तोटा त्यात कुणी मोजला नाही. ‘थायरोनॉर्म’ किंवा ‘ग्लायकोमेट’ ही नावे लंडनच्या फार्मासिस्टला काहीच सांगत नाहीत. ‘लिव्होथायरॉक्सिन’ आणि ‘मेटफॉर्मिन’ सांगतात.

कधी जेनेरिक नावही बदलते. अमेरिकेत पॅरासिटामॉलला असिटामिनोफेन म्हणतात, तर दम्याच्या पंपातले सॅल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होते. एकच ब्रँड दोन देशांत दोन वेगळी औषधे विकतो, असेही घडते. एफडीएने २००६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यातले उदाहरण बोलके आहे : ‘फ्लोमॅक्स’ अमेरिकेत प्रोस्टेटचे औषध, इटलीत दाहशामक.

स्वतःच्या गोळीचे खरे नाव शोधणे आता अवघड नाही. बहुतेक पाकिटांवर ते ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात छापण्याचा नियम आहे. ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोडही बंधनकारक आहे. मोबाइलने स्कॅन केला की जेनेरिक नाव, उत्पादक, बॅच आणि मुदत दिसते.

नाव कळले, पण ते औषधच तिथे नसेल तर?

खरी गुंतागुंत इथे आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

भारतात एका गोळीत दोन-तीन औषधे घालण्याची पद्धत फार आहे. रुग्णाला सोय होते, खर्चही कमी होतो. केंद्र सरकारने वैज्ञानिक आधार नसलेल्या अशा मिश्रणांवर वेळोवेळी बंदी घातली. २०१६ मध्ये ३४४, तर ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्रणे बाद झाली. उरलेलीही बरीच आहेत आणि त्यातली अनेक फक्त इथेच विकली जातात. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकत्र असलेली मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला अमेरिकेत तशी गोळी मिळणार नाही. पहिली दोन औषधे वेगवेगळी मिळतील, पण व्होग्लिबोजला तिथे मान्यताच नाही.

अशी यादी मोठी आहे. मधुमेहावरचे टेनेलिग्लिप्टिन भारत, जपान, कोरियात आहे, अमेरिकेत आणि युरोपात नाही. विल्डाग्लिप्टिन युरोपात मिळते, अमेरिकेत नाही. ग्लिक्लाझाइड ब्रिटनमधल्या डॉक्टरच्या रोजच्या वापरातले, पण अमेरिकेत ते नाही. रक्तदाबावरचे सिल्निडिपिन भारत आणि जपानमध्ये चालते, अमेरिकेत किंवा युरोपात त्याला मान्यता नाही. पीसीओएससाठी तरुणींना दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत सायप्रोटेरोन असते. ब्रिटनमध्ये त्या मिळतात, अमेरिकेत सायप्रोटेरोनला मान्यता नाही. वेदनाशामक एटोरिकॉक्सिबची कथा अशीच. मळमळीवरचे डॉम्पेरिडोन अमेरिकेत मान्य नाही, ब्रिटनमध्ये ते चिठ्ठीवर मिळते. उलट गंमतही आहे : अमेरिकेने १९७७ मध्ये बाजारातून काढलेले अ‍ॅनाल्जिन जर्मनीत डॉक्टर आजही सहज लिहून देतात.

या बहुतेक औषधांना तिथे पर्याय असतात. सिल्निडिपिनऐवजी त्याच गटातले अ‍ॅम्लोडिपिन, टेनेलिग्लिप्टिनऐवजी सिटाग्लिप्टिन किंवा लिनाग्लिप्टिन, असे डॉक्टर सुचवू शकतो. मुद्दा पर्याय आहे की नाही, हा नाही. बदल कधी आणि कुणासमोर करायचा, हा आहे. गोळी बदलली की साखर किंवा रक्तदाब स्थिरावायला आणि मात्रा बसायला वेळ लागतो. नवा देश, नवे जेवण, थंडी, अभ्यासाचा ताण आणि त्यात अनोळखी डॉक्टरच्या पंधरा मिनिटांत झालेला औषधबदल, हे सगळे एकाच वेळी आले तर कशाने काय बिघडले तेही कळत नाही. हाच बदल निघण्याआधी दोन-तीन महिने, सगळा इतिहास माहीत असलेल्या फॅमिली डॉक्टरसमोर झाला तर बिघाड वेळीच दिसतो. व्हिसाची तारीख आली की कपडे, डॉलर, सिमकार्ड या सगळ्याची यादी होते. ‘माझी ही गोळी तिथे मिळते का? नसेल तर आत्ताच बदलू या का?’ हा प्रश्न मात्र डॉक्टरला क्वचितच विचारला जातो.

फिट्सच्या रुग्णांसाठी यात आणखी एक पदर आहे. व्हॅल्प्रोएट भारतात भरपूर वापरले जाते. गर्भावर होणाऱ्या गंभीर परिणामांमुळे ब्रिटनमध्ये त्यावर कडक निर्बंध आहेत. जानेवारी २०२४ पासून ५५ वर्षांखालील कोणत्याही नव्या रुग्णाला, स्त्री असो वा पुरुष, दोन तज्ज्ञांची संमती असल्याशिवाय ते सुरू करता येत नाही, आणि आधीपासून घेणाऱ्या महिलांचा दरवर्षी आढावा घेतला जातो. हे औषध घेणारी तरुणी तिथे गेली की गर्भनिरोधनापासून औषध बदलण्यापर्यंत प्रश्न होणारच. ते ऐकून घाबरून स्वतःहून गोळी बंद करणे सर्वांत घातक. अचानक थांबवलेल्या औषधाने झटके उलटतात.

इन्सुलिनमधला ४० आणि १०० चा घोळ काय?

भारतात इन्सुलिनच्या अनेक बाटल्या अजूनही ‘४० युनिट प्रति मिली’ या तीव्रतेच्या असतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपणाची ४० खुणांची सिरिंज मिळते. पेनमधले इन्सुलिन मात्र इथेही बहुधा १०० युनिटचे. अमेरिका, ब्रिटनमध्ये १०० युनिट हेच प्रमाण. आता समजा, रोज २० युनिट घेणारे गृहस्थ इथल्या सिरिंज सोबत घेऊन गेले आणि तिथली १०० युनिटची बाटली त्या सिरिंजने ओढू लागले. ४० च्या सिरिंजवर २० ची खूण म्हणजे अर्धा मिली. पण अर्धा मिली १०० च्या इन्सुलिनमध्ये ५० युनिट भरतात. म्हणजे अडीच पट मात्रा, आणि साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडण्याची भीती. बाटलीचा देश बदलला की सिरिंजही बदलायची, हे घरातल्या सर्वांना ठाऊक हवे.

मापेही बदलतात. इथे साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात, ब्रिटनमध्ये मिलिमोलमध्ये. इथल्या आकड्याला १८ ने भागले की तिथला मिळतो. १८० ची साखर तिथे १० दिसते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी इथे ७ टक्के असेल, तर तिथल्या रिपोर्टवर ५३ छापून येते. फाईलमधले रिपोर्ट वाचताना आणि स्वतःच्या ग्लुकोमीटरचा आकडा डॉक्टरला सांगताना हे एकक बोलून दाखवलेले बरे.

इन्सुलिन विमानात हातातल्या बॅगेत ठेवावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याचा धोका असतो आणि गोठलेले इन्सुलिन वाया जाते. बॅग हरवली तर सगळाच साठा जातो, हे तर इतर औषधांनाही लागू.

तिथे गेल्यावर खर्च किती?

इथे देशादेशांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ब्रिटनला जाणारा विद्यार्थी व्हिसाच्या अर्जातच आरोग्य अधिभार भरतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, तर बहुतेक नोकरदारांना १,०३५ पौंड आहे. त्यानंतर डॉक्टरला भेटायचे वेगळे पैसे नाहीत. घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे सरकारी सेवेतल्या फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवावे लागते. नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही, हे अनेकांना माहीत नसते आणि भाडेकरार हाती येईपर्यंत ते थांबून राहतात. इंग्लंडमध्ये मे २०२४ पासून प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड द्यावे लागतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये काहीच नाही.

यातली सर्वांत कामाची तरतूद फारशी कुणी सांगत नाही. मधुमेहासाठी औषध घेणारे, थायरॉइड कमी असल्याने रोज गोळी घेणारे आणि फिट्ससाठी कायम औषध लागणारे रुग्ण इंग्लंडमध्ये वैद्यकीय सूट प्रमाणपत्र मागू शकतात. जीपीकडे एक अर्ज भरायचा. ते मिळाले की त्या आजाराचीच नव्हे, तर प्रिस्क्रिप्शनवरची सगळीच औषधे मोफत. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या विद्यार्थिनीला पहिल्याच भेटीत हा अर्ज मागता येतो.

जर्मनीत सरकारी विम्यात असलेला रुग्ण औषधाच्या किमतीच्या १० टक्के भरतो, किमान ५ आणि कमाल १० युरो. जानेवारी २०२४ पासून तिथे ई-प्रिस्क्रिप्शन सक्तीचे आहे. डॉक्टरने लिहिलेले औषध विम्याचे कार्ड दाखवून घेता येते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी मेडिकेअर योजनेत भारतीय विद्यार्थी येत नाहीत, कारण दोन देशांत तसा करार नाही. त्यांना सक्तीच्या विद्यार्थी विम्यावर अवलंबून राहावे लागते आणि त्यातून औषधांवर मिळणारी रक्कम मर्यादित असते.

अमेरिकेची ख्याती महागाईची, पण जुन्या जेनेरिक गोळ्यांच्या बाबतीत ती पूर्ण खरी नाही. मेटफॉर्मिनसारखी औषधे मोठ्या दुकानांच्या साखळ्या विम्याविना चार डॉलरला महिन्याचा साठा, अशा दराने विकतात. वॉलमार्टने ही योजना २००६ मध्ये सुरू केली. महाग असते ती चिठ्ठी, म्हणजे डॉक्टरची भेट. म्हणून विद्यापीठाचे आरोग्य केंद्र ही विद्यार्थ्याची पहिली पायरी. स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला प्रवासी विमा आधीपासूनच्या आजाराला सहसा हात लावत नाही, त्यामुळे कायम औषध चालू असलेल्याने विमा निवडताना हप्त्याच्या आधी ते कलम वाचावे.

सहा महिने मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांचे काय?

मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला जाणाऱ्या आईला मार्गदर्शक सूचनेप्रमाणे साठा तीन महिन्यांचा नेता येतो. सहा महिन्यांच्या गोळ्या घेऊन अनेक जण जातात आणि बहुतेकांना कुणी विचारतही नाही. पण ‘शेजारच्यांना काही झाले नाही’ हा नियम नव्हे, आणि अडवले गेले तर तिथे दाद मागायला जागा नसते. ज्यांच्या गोळ्यांत प्रेगाबालिन किंवा झोपेचे औषध आहे, त्यांनी तर हा धोका पत्करूच नये. उरलेल्या तीन महिन्यांसाठी दोनच सरळ वाटा आहेत : वर सांगितलेल्या कागदपत्रांसह पार्सल, तेही दुसरा महिना संपण्याच्या आत निघालेले, किंवा तिथल्या डॉक्टरला एकदा पैसे देऊन भेटणे आणि जेनेरिक लिहून घेणे. रक्तदाब-मधुमेहाच्या साध्या गोळ्यांसाठी दुसरी वाट अनेकदा कमी कटकटीची ठरते.

निघण्याआधी डॉक्टरकडून नेमके काय लिहून घ्यावे?

लेटरहेडवर इंग्रजीत एक पत्र. त्यात आजाराचे नाव आणि तो कधीपासून आहे, प्रत्येक औषधाचे जेनेरिक नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा, मिश्र गोळी असेल तर तिच्यातला प्रत्येक घटक वेगळा. आधी कोणती औषधे देऊन पाहिली आणि ती का थांबवली, हेही असावे. नवा डॉक्टर तीच चूक पुन्हा करत नाही. कशाची अ‍ॅलर्जी आहे ते, ताजे रिपोर्ट, डॉक्टरची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. रुग्णाचे नाव पासपोर्टवर आहे तसेच. वडिलांचे नाव मधे असणे-नसणे, लग्नानंतर बदललेले आडनाव अशा किरकोळ वाटणाऱ्या फरकांवर सीमाशुल्काच्या खिडकीत बोट ठेवले जाते.

मानसिक आजाराचे औषध घेणारी मुले हे पत्र घ्यायला कचरतात, असे चित्र आहे. विद्यापीठाला कळेल, व्हिसाला अडचण येईल, कधी तर घरच्यांनाच कळेल, ही भीती त्यामागे असते. पत्र बॅगेत राहते आणि विचारले तर अधिकाऱ्याला किंवा डॉक्टरला दाखवायचे असते. विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला ते देण्याची गरज नाही. पत्राविना गेलेल्या मुलाला तिथे आधी मानसोपचार तज्ज्ञाच्या प्रतीक्षा यादीत बसावे लागू शकते, आणि नैराश्यावरची गोळी मध्येच संपली तर चक्कर, झोपमोड, अस्वस्थता असा त्रास काही दिवसांत सुरू होऊ शकतो. सेमिस्टर सुरू होण्याचे आठवडेही नेमके तेच असतात.

औषधांच्या याद्या आणि शुल्क बदलत असतात. तिकीट काढल्यावर त्या देशाच्या आरोग्य खात्याच्या आणि सीमाशुल्काच्या अधिकृत संकेतस्थळावर आपल्या औषधाचे जेनेरिक नाव टाकून शोधावे. मधे दुसऱ्या देशात विमान बदलताना सामान ताब्यात घ्यावे लागणार असेल किंवा मुक्काम असेल, तर त्या देशाची यादीही बघावी.